ऱ्होड आयलंडमध्ये एका दिवसात कोणती जुनी प्रार्थनास्थळे पाहावीत?

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याला एकच दिवस मिळणार आहे, तर तिथली कोणती जुनी प्रार्थनास्थळे पाहावीत आणि ती अजून चालती आहेत की नुसती संग्रहालये झाली आहेत, असे आपण विचारले आहे. मी तिथल्याच प्रॉव्हिडन्स शहरात 14 वर्षे राहतो. प्रश्नाचा उत्तरार्ध वाचून राहवले नाही, कारण माझ्या थोरल्या भावाने जवळच्या न्यूपोर्ट गावातल्या तूरो सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, दारात हेच विचारले होते.

हे सिनेगॉग 1763 सालचे. अमेरिकेत आज उभ्या असलेल्या सिनेगॉगांत सर्वांत जुने. स्त्रियांच्या सज्जाला पेलणारे बारा खांब इस्रायलच्या बारा वंशांसाठी आहेत आणि प्रत्येक खांब एकाच अखंड झाडाचा आहे. दादा स्थापत्य अभियंता आहे. तो एका खांबाभोवती वाकून, मान तिरपी करून सांधा शोधत राहिला, आणि सांधा नाही अशी खात्री पटल्यावर म्हणाला, ‘काम चोख आहे, पण माणसे कुठे आहेत?’

माणसे खरोखरच निघून गेली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात न्यूपोर्टचा व्यापार बसला, ज्यू कुटुंबे पांगली, आणि 1822 पर्यंत गावात त्यांच्यापैकी कोणीही उरले नाही. तरी इमारत पडली नाही. इथल्या पहिल्या धर्मगुरूंचे पुत्र अब्राहम तूरो यांनी देखभालीसाठी 10,000 डॉलर ठेवले होते, आणि देखरेख क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या गूल्ड घराण्याकडे होती. ज्यांची उपासना सर्वस्वी निराळी, ज्यांच्या सभागृहात ना वेदी ना पुरोहित, त्यांनी शेजाऱ्याचे प्रार्थनाघर सांभाळले. 1883 साली, पूर्व युरोपातून नवे ज्यू येऊ लागल्यावर, तिथे पुन्हा नियमित प्रार्थना सुरू झाली.

हे ऐकताना मला आमच्या गावचे विठ्ठलाचे देऊळ आठवले. त्याचे विश्वस्त मुंबईत असतात, आणि दिवाबत्ती चार पिढ्या एकच गुरव घराणे करते आहे. गाभाऱ्यावरचे छप्पर गळू लागले तेव्हा गुरवांनी गावातून वर्गणी काढून कौले बदलली, आणि विश्वस्तांनी ‘परवानगी कोणाची घेतली?’ असे विचारणारे पत्र पाठवले. दादा तेव्हा विश्वस्तांच्या बाजूने बोलला होता. ज्याच्या नावावर कागद, त्याचेच देऊळ, हे त्याचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते.

न्यूपोर्टलाही कागद आडवा आला. गाव सोडताना ज्यूंनी पवित्र वस्तू न्यूयॉर्कच्या शिअरिथ इस्रायल या ज्यू उपासकांच्या मंडळीकडे सोपवल्या, आणि पुढे नवी मंडळी वर्षाला 1 डॉलर भाड्याने त्याच वास्तूत प्रार्थना करू लागली. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळीवर बसवायच्या, मायर मायर्स यांनी घडवलेल्या चांदीच्या शिरोभूषणांची जोडी बॉस्टनच्या कलासंग्रहालयाला 74 लाख डॉलरना विकून देखभालीचा निधी उभारावा, असे न्यूपोर्टकरांनी ठरवले तेव्हा न्यूयॉर्कच्या मंडळीशी खटला उभा राहिला. 2016 साली न्यूपोर्टकर जिंकले, 2017 साली अपील न्यायालयाने निकाल फिरवला, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. दादाने त्या दिवशी मला बातमी पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता. माझे मत बदललेले नाही: जे दार उघडतात, झाडतात आणि गळती थांबवतात, त्यांचा हक्क पहिला.

मात्र न्यूयॉर्ककरांचा आक्षेप पवित्र वस्तू विकण्यालाच होता, आणि तो मला मान्य आहे. आमच्या गुरवांनी देवाचा चांदीचा मुकुट विकायला काढला असता, तर मीही आडवा गेलो असतो.

आपल्या प्रश्नाच्या पूर्वार्धाबद्दल: सकाळी प्रॉव्हिडन्सचे पहिले बॅप्टिस्ट चर्च पाहा. मंडळी 1638 ची, प्रॉव्हिडन्स वसवणारे रॉजर विल्यम्स यांच्या काळातली. इमारत 1775 ची. इंग्रजांनी बॉस्टनचे बंदर बंद केल्यामुळे काम गमावलेले जहाजसुतार तिच्यावर राबले. नंतर न्यूपोर्टला जाऊन 1699 चे क्वेकर सभागृह आणि तूरो पाहा. तूरोत पुरुषांनी डोके झाकायचे असते. शनिवार टाळा, त्या दिवशी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असल्यामुळे पाहुण्यांना इमारत दाखवत नाहीत.