पांढरा कोट, भिंतीवरची कार्टून्स आणि खुर्चीत न बसणारी पोरं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझी मुलगी 5 वर्षांची आहे, खालच्या दाढेला कीड लागलीये. घराजवळच्या दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर मास्क लावून बाहेर आले आणि हिने दारातच जे भोकाड पसरलं ते रिक्षात बसेपर्यंत थांबलं नाही. आमचे हे म्हणतात दुधाची दाढ आहे, पडणारच आहे, सोड. जाऊबाई म्हणतात लहान मुलांच्या डेंटिस्टकडे ने, तिथे भिंतींवर कार्टून्स असतात, डॉक्टर रंगीत कपडे घालतात, पोरं हसत खुर्चीत बसतात. पण तिथली फी बघून पोटात गोळा आला. कोट आणि भिंतींनी खरंच फरक पडतो का, की नुसता शो असतो? — एक आई, भांडुप

उत्तर : फरक पडतो, पण जाऊबाई म्हणतात तेवढा आणि तसा नाही. आधी तुमच्या यजमानांचं म्हणणं निकालात काढू. दुधाच्या मागच्या दाढा साधारण 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे हिला त्यावर अजून पाचेक वर्षं तरी जेवायचंय, आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागाही तीच धरून ठेवते. तेव्हा सोडू नका.

आता कोट. पांढरा कोट म्हणजे मुलं घाबरणारच असं आपण धरून चालतो, पण मुलांना फोटो दाखवून विचारलं की बऱ्याच पाहण्यांमध्ये चक्क पांढरा कोटवालाच निवडला जातो, काहींमध्ये रंगीत. जी आधीच घाबरलेली असतात ती मात्र रंगीत कपड्यांकडे जास्त झुकतात, म्हणजे तुमच्या लेकीला रंगीत कोटाचा थोडा फायदा होईलही. पण मला विचाराल तर कोटापेक्षा मास्क महत्त्वाचा. 5 वर्षांचं पोर समोरच्याचा चेहरा वाचतं, आणि तोच झाकलेला असेल तर ते कशावर विश्वास ठेवणार? डॉक्टरांनी आधी उघड्या चेहऱ्याने दोन शब्द बोलावेत, नाव विचारावं, मग तिच्यासमोरच मास्क लावावा. याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे हे तुम्ही फोनवर आधीच सांगून ठेवू शकता, चांगला डॉक्टर रागावणार नाही.

भिंतींचं म्हणाल तर बाहेर बसलेलं मूल भिंत बघत नाही हो, ऐकतं. आपल्या मुंबईतले दवाखाने म्हणजे एक गाळा, मध्ये काचेचं नाहीतर प्लायचं पार्टिशन, तेही बऱ्याचदा छतापर्यंत पोचत नाही, आणि आत एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, चालू. ते मिनिटाला 3-4 लाख फेरे घेतं, त्याची ती शिट्टी, वर आतल्या काकांचं कण्हणं, आणि वास. तो 'दवाखान्याचा वास' म्हणतो ना आपण, तो बराचसा लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचा असतो, एकदा दुखलं की पुढच्या वेळी नुसत्या त्या वासानेही माणूस आखडतो, मोठी माणसंसुद्धा. अशा ठिकाणी पाऊण तास बसवून ठेवलं तर भिंतीवर अख्खं प्राणिसंग्रहालय रंगवलं तरी काय उपयोग? म्हणून पहिली अपॉइंटमेंट मागा, सकाळची, शनिवारी शाळा नसेल तर उत्तम. तुम्ही ऑफिसातून आल्यावर रात्री 8 वाजता दमलेल्या मुलीला नेऊ नका. आणि पहिल्या दिवशी दाढ भरायचीच असं ठरवू नका (सूज, ताप किंवा रात्री ठणका असेल तर मात्र थांबायचं नाही). नुसतं खुर्चीत बसून वरखाली व्हायचं, आरशाने दात मोजून घ्यायचे, घरी.

फी नेमकी कशाची ते सांगते, कारण तिथेच घोळ होतो. पेडोडॉन्टिस्ट म्हणजे बीडीएस या डेंटिस्टच्या पदवीनंतर 3 वर्षं मुलांच्या दातांचं एमडीएस केलेला डॉक्टर. 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' ही पद्धत 1959 पासून शिकवली जाते, वस्तू मुलाच्या भाषेत सांगायची, बोटावर चालवून दाखवायची, मगच तोंडात. पैसे द्यायचे ते या हातोटीचे, कार्टून्सचे नाहीत. ही हातोटी एखाद्या साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडेही असते. परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, दोन्हीकडे मुलांचा वेगळा विभाग आहे. रांग असते, गोंगाट असतो, पण शेजारच्या खुर्चीत आपल्याएवढंच पोर शांत बसलेलं दिसलं की त्याचा परिणाम कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त होतो. उलट ते रडत असेल तर सरळ बाहेर फेरी मारून या.

आणि घरी 'जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' कोणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. 'अजिबात दुखणार नाही हं' हेसुद्धा नको, मुलं त्यातलं 'दुखणार' तेवढंच उचलतात. तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल तर आत बाबांना पाठवा, आईचा घट्ट झालेला हात पोरांना लगेच कळतो.

प्रश्न : मॅडम, मी दहिसरला छोटा दवाखाना काढतोय, एकच खुर्ची. मुलांसाठी बजेट फार नाही, इंटिरिअरवाला भिंतीभर जंगल रंगवायचं म्हणतोय. करू का? — एक नवा डेंटिस्ट

उत्तर : जंगल राहू द्या. ते पैसे पार्टिशन छतापर्यंत नेण्यात आणि बऱ्यापैकी जाड दारात घाला. खुर्चीचा दिवा थेट मुलाच्या डोळ्यांवर पडणार नाही असं बघा, सिरिंज आणि फोर्सेप्सचा (दात काढायच्या चिमट्यांचा) ट्रे मागच्या बाजूला. इस्राएलमधल्या संशोधकांनी मंद उजेड, संथ संगीत आणि अंगावर हलका दाब देणारं आवरण असं करून पाहिलं तेव्हा मुलं बरीच शांत राहिली. वासाचं म्हणाल तर व्हिएन्नात 2000 साली वेटिंग रूममध्ये संत्र्याचा सुगंध ठेवून पाहिला होता, बायकांची धास्ती कमी झाली, पण तो प्रयोग मोठ्यांवरचा, त्यामुळे डिफ्युझरवर फार खर्च करू नका, खिडकी उघडत असेल तर उघडा. छताला मात्र काहीतरी लावाच, खुर्चीत आडवं पडलेलं पोर तिथेच बघत असतं आणि नेमकं तिथेच सगळे ट्यूबलाइट ठोकतात.