परदेशात राहणाऱ्या मुलीला बँकेचं बदली कार्ड टपालाने सुरक्षित कसं पाठवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलीचं जुनं कार्ड हरवलं, बँकेने बदली कार्ड तुमच्या पत्त्यावर पाठवलं, आणि आता ते तिच्याकडे धाडायचं कसं, साधं टपाल की कुरियर? मी हे भाच्यासाठी दोनदा केलंय. पहिल्यांदा सपशेल फसले, दुसऱ्यांदा जमलं.

पहिल्या खेपेचा माझा पराक्रम असा. बँकेचं पाकीट फोडलं. कार्डाचा पुढून-मागून फोटो काढून भाच्याला व्हॉट्सॲपवर टाकला. त्याला तिकडे खटपट नको म्हणून त्याच्याकडून पिन विचारून घेतला आणि इथेच एटीएमवर जाऊन कार्ड सुरू केलं. स्वारी विसरभोळी, म्हणून तोच पिन पत्राच्या खाली लिहिलासुद्धा! मग पत्र आणि कार्ड एका पातळ लिफाफ्यात घालून साध्या टपालाने रवाना. काही आठवड्यांनी लिफाफा पोचला, कड फाटलेली. आत पत्र होतं, पिन होता, कार्ड नव्हतं. आम्ही लगेच कार्ड ब्लॉक केलं. पैसे गेले नव्हते, पण ते निव्वळ नशीब.

कार्ड बहुधा कुणी चोरलंही नसावं. पत्रं छाटणाऱ्या यंत्रात लिफाफे पट्ट्यांमधून आणि रुळांमधून वेगाने वळत जातात. कार्ड पाऊण मिलिमीटर जाडीचं, कडक. ते आत सुटं असलं की घसरत कडेला जातं आणि कागद फाडून बाहेर पडतं. मात्र बाहेर पडलेलं ते कार्ड चालू होतं, माझ्याच कृपेने.

माझं मत आता ठाम आहे. लिफाफा कितीही भक्कम केला तरी वाटेत तो हरवू शकतो, हे धरूनच चालायचं. हरवला तरी ज्याच्या हाती लागेल त्याला त्याचा काडीचा उपयोग होऊ नये, अशी तजवीज आधी करायची. चालू कार्ड सापडलं तर पिन नसतानाही दोन गोष्टी करता येतात. लहान रकमांसाठी ते यंत्राला नुसतं टेकवून पैसे देता येतात. आणि नंबर, मुदतीची तारीख व मागचे तीन अंक वापरून ऑनलाइन खरेदी होऊ शकते, कारण ओटीपी न मागणाऱ्या साइट भरपूर आहेत. कार्ड सुरूच केलेलं नसेल तर हे दोन्ही दरवाजे बंद राहतात. म्हणून कार्ड मुलीच्या हातात पडेपर्यंत ते सुरू करू नका, अगदी तिने गळ घातली तरी.

यात एक खाच आहे. कार्ड हरवलं म्हणून नवं दिलं असेल तर नंबर सहसा नवा असतो. पण मुदत संपली म्हणून आलेल्या कार्डावर बरेचदा जुनाच नंबर असतो, आणि तो आधीपासून चालू असतो. तुमच्याकडचं कार्ड कोणत्या जातीचं आहे ते मुलीला बँकेला विचारू द्या. जुनाच नंबर असेल तर लिफाफा वाटेत असेपर्यंत ॲपमधून ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवता येतात का, मर्यादा खाली आणता येते का, हे तिने बघावं.

त्याच फोनवर तिने आणखी एक गोष्ट विचारायची, आणि नेमकी हीच लोक विसरतात. कार्ड परदेशातून सुरू होईल का? काही बँकांचं कार्ड ॲपमधून सुरू होतं, काहींना पहिला व्यवहार एटीएमवर पिन टाकून लागतो, काहींना तोही त्याच बँकेच्या एटीएमवर. ओटीपी कोणत्या मोबाइल नंबरवर येतो तेही पाहा. तो नंबर बंद पडलेला असेल तर कार्ड सुखरूप पोचूनही नुसतं पाकिटात बसून राहील. आधी नंबर बदलून घ्या, मग टपालाचं बघा.

आणि खरंच पाठवायला हवं का? बऱ्याच बँका नवं कार्ड ॲपमध्ये लगेच दाखवतात, ते फोनच्या वॉलेटमध्ये घालून दुकानात वापरता येतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांचीही परदेशात अडकलेल्यांसाठी तातडीने तात्पुरतं कार्ड देण्याची सोय आहे, बँकेची मंजुरी असली की. बँक स्वतः परदेशी पत्त्यावर कार्ड पाठवत असेल तर उत्तमच. ओळखीचं, भरवशाचं कुणी तिकडे जाणार असेल तर मी टपालाचा विचारही करणार नाही. फक्त कार्ड हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, विमानात जमा करायच्या सामानात नको.

पाठवायचंच ठरलं तर साधं टपाल नको. रजिस्टर्ड, ईएमएस (टपाल खात्याची परदेशासाठीची जलद सेवा) किंवा कुरियर, म्हणजे माग काढता येईल आणि सही घेऊनच हातात देतील असं काहीतरी. मी कुरियर निवडलं, कारण दिवस कमी लागतात आणि वाटेत हात कमी बदलतात. काही कुरियर कंपन्या बँक कार्डं घेतच नाहीत, तेव्हा आधी विचारा. आत काय आहे विचारलं तर खोटं सांगू नका, नाहीतर पाकीट गहाळ झाल्यावर तक्रारीला तोंड राहत नाही. टपालाने पाठवलंत तर १३ खुणांचा नंबर मिळतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर आर म्हणजे रजिस्टर्ड, ई म्हणजे ईएमएस. हा नंबर मुलीला तिच्या देशाच्या टपाल खात्याच्या साइटवरही टाकता येतो. मध्ये काही दिवस नोंद हलत नाही, त्याने जीव खाली-वर करून घेऊ नका.

बांधणी सोपी आहे. बँकेचं पाकीट न फोडता तसंच दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे बाहेरून चाचपून कार्ड जाणवत नाही. पाकीट फोडून झालं असेल तर कार्ड जाड कागदावर मधोमध चिकटवा, चिप आणि काळी पट्टी सोडून. बाहेर बँकेचं नाव, खिडकीचा लिफाफा असलं काही नको. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रात लपवा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. शुभेच्छापत्रात नोटा असतात हे चोरांना आपल्याआधी ठाऊक असतं.

पत्ता तिच्या देशात लिहितात त्या क्रमाने, नाव पासपोर्टवर आहे तसं, देशाचं नाव शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत, आणि सोबत तिचा तिकडचा फोन नंबर. इमारतीत सगळ्यांची एकच पत्रपेटी असेल तर ऑफिसचा पत्ता बरा.

पिन त्या लिफाफ्यात नको, दुसऱ्या लिफाफ्यातही नको. ॲपमधून तिचा तिनेच नवा लावावा. तुम्हाला तो कळायचं कारणच नाही, आई-बाबा असलात तरी. फोटोही नको, फार तर शेवटचे चार अंक सांगा.

पाकीट वाटेत असताना तिला ‘आपलं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर शुल्क भरा’ असा मेसेज येऊ शकतो. असे मेसेज ठग सरसकट सगळ्यांनाच पाठवतात, पण खरोखर पार्सलची वाट बघणारा माणूस पटकन गळाला लागतो. माझ्या भाच्याने जवळजवळ दुसऱ्या कार्डाचे तपशील भरलेच होते. लिंक दाबू नये, नंबर स्वतः साइटवर टाकून बघावा.

पाठवतानाच दोघींनी किंवा दोघांनी एक तारीख ठरवून ठेवा. तोवर पाकीट आलं नाही, किंवा उघडलेलं आलं, तर ‘अजून दोन दिवस बघू’ न करता तिने कार्ड ब्लॉक करून नवं मागवावं. आम्ही दुसऱ्या खेपेला दहा दिवस ठरवले होते. पाकीट आठव्या दिवशी आलं.