जंताची गोळी दिली, तरी पोट का बिघडतं?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पोळ्यापासून त्याचं पोट बिघडलंय. शी पातळ, तेलकट, फार घाण वासाची होते. ढेकरांना सडक्या अंड्यासारखा वास येतो. ताप नाही, रक्त पडत नाही. चार दिवस बरा असतो, की परत सुरू. पार हडकलाय. शाळेत जंताची गोळी दिली होती. एकदा संडास तपासली, काही निघालं नाही. आम्ही विहिरीचं पाणी पितो. ग्रामपंचायत ब्लिचिंग टाकते, मी फडक्यानं गाळते. माझं कुठं चुकतं?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, चुकलं हे आधी मनातून काढा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला जिआर्डियाचा दाट संशय येतो. पावसाळा सरता सरता अशी पोरं माझ्याकडे दरवर्षी येतात.

हा जंत नव्हे, एका पेशीचा जीव आहे. शाळेतली अल्बेंडाझोलची एक गोळी गोल जंत, आकडी जंत यांच्यासाठी असते. तेवढ्यानं हा जात नाही. तो लहान आतड्याला चिकटून बसतो, खाल्लेलं तेल-तूप अंगी लागू देत नाही. म्हणून शी तेलकट आणि पोरगं हडकलेलं.

पाण्यात तो टणक कवचाच्या कोषात असतो. कोष मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा, त्यामुळे फडक्यातून आरामात पार होतो. ब्लिचिंगनं पटकीचे जंतू मरतात, पण हे कवच नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. तरी ब्लिचिंग बंद करायला लावू नका, बाकीच्या रोगांसाठी ते हवंच. पिण्याचं पाणी मात्र खळखळ उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट चुलीवर राहू द्या. माठात हात बुडवू नका, वगराळ्यानंच पाणी काढा.

एका तपासणीवर विसंबू नका. कोष रोज शीतून पडत नाहीत. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या आणि ‘जिआर्डियासाठी बघा’ असं सांगा. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा एकच रिपोर्ट बघून मी तिला नुसती टॉनिकं देत राहिले. दोन महिने ती सुकत गेली. ते मला अजून लागतं.

निदान झालं की डॉक्टर वजनाप्रमाणे मेट्रोनिडाझोल पाच ते सात दिवस किंवा टिनिडाझोलचा एकच डोस देतील. मेट्रोनिडाझोलनं तोंड कडू होतं, पोरं थुंकून टाकतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवू नका.

औषधानंतरही काही आठवडे दूध पचत नाही; दुधानं पोट फुगलं तर रोग परतला असं समजू नका. तोवर वरण-भात, भाकर आणि सोसलं तर ताक द्या. घरात आणखी कुणाचं पोट असंच असेल तर त्यांचीही संडास तपासा, आणि शीनंतर साबणानं हात धुणं सगळ्यांनीच पाळा. मधेच शीत रक्त दिसलं, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले, तर ओआरएस पाजत त्याच दिवशी दवाखाना गाठा.