वाचकांचे प्रश्न : खणीतला दगड आणि त्याची चिठ्ठी

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते आणि तिला निरनिराळे दगड जमवण्याचा नाद आहे. डिसेंबरच्या सुट्टीत घरच्या चौघांनी मोटारीने दोन-तीन दिवसांची सहल काढावी, जुन्या खाणी आणि दगडाच्या खणी पाहाव्यात आणि तिथले खनिजांचे नमुने आणावेत, असा विचार आहे. कोणत्या मार्गाने जावे, काय मिळेल आणि परवानगीचे काय? — एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी परवानगीचे सांगतो, कारण बेत त्यावरच ठरवावा लागेल. जिथे काम चालू आहे अशा खाणीच्या आवारात १८ वर्षांखालील व्यक्तीने थांबणेसुद्धा खाण अधिनियम, १९५२ ने मना केले होते, आणि ते आजही पाळावे. त्यामुळे खाणमालक कितीही ओळखीचा असला आणि "येऊ द्या हो पोरीला" असे म्हणाला, तरी तिला फाटकाच्या आत नेऊ नका. आपण स्वतः आत जाणार असाल तर खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे त्याची किंवा व्यवस्थापकाची परवानगी आधी घ्यावी आणि सुरुंगाची वेळही विचारून घ्यावी. बंद पडलेल्या खणीला राखण नसते म्हणून ती मोकळी असे समजू नये. जमीन कोणाची तरी असतेच आणि पावसाळ्यात भिजलेला कडा डिसेंबरातही अचानक ढासळतो. पाणी साचलेल्या खणीच्या काठाशी तर जाऊच नये. इराणी खण ज्यांनी लहानपणापासून पाहिली आहे त्या कोल्हापूरकरांना, खणीच्या पाण्याला उतार नसतो आणि पहिल्याच पावलाला पाय सुटतो, हे वेगळे सांगायला नको.

मग मुलीने गोळा करायचे कुठे, असे आपण विचाराल. सर्वांत उत्तम जागा म्हणजे शेतातल्या नव्या विहिरीच्या काठावरचा ढीग. सुरुंगाने फोडलेला ताजा खडक तिथे उघड्यावर पडलेला असतो, शेतकऱ्याला तो नकोसाच झालेला असतो आणि विचारले तर तो चहा पाजून दगड देतो. त्याखालोखाल वाहतूक नसलेल्या जुन्या रस्त्याकडेचा खोदलेला भाग, अर्थात कड्याखाली उभे न राहता.

आता मार्ग. कोल्हापुराहून राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ला, रेडी असे उतरावे आणि परतताना सावंतवाडी, आंबोली, आजरा असे चढून यावे. याचे कारण निसर्गदृश्य नव्हे. या वाटेने आपण काळ्या पाषाणावरून निघून त्याच्याखालच्या, कितीतरी जुन्या खडकापर्यंत पोहोचता, आणि एका सहलीत इतके वैविध्य दुसऱ्या कोणत्याही दिशेला गेल्यास मिळणार नाही.

कोल्हापूर शहराभोवतीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा. दख्खनच्या लाव्हाथरांचे शास्त्रज्ञांनी जे गट पाडले त्यांपैकी एकाला 'पन्हाळा' हेच नाव आहे, हे मुलीला जरूर सांगावे. लाव्हा निवताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतून झिरपलेल्या गरम पाण्याने तिथे गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातली खनिजे साठवली. आपल्याला शोधायच्या त्या याच पोकळ्या. पुणे, नाशिक, जळगाव या भागांत जशी मोठी, देखणी स्फटिके निघतात तशी आपल्याकडे निघतील अशी अपेक्षा मात्र धरू नये. ती पाहायचीच असतील तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय गाठावे. आपल्या वाट्याला वाटाण्याएवढ्या पोकळ्या येतील, आणि त्यांसाठी दहापट मोठे करून दाखवणारे एक छोटे भिंग खिशात असले की पुरे.

दाजीपूरचे जंगल राधानगरी अभयारण्यात येते. तिथून एक खडाही उचलू नये. कायदा तर आहेच, पण अभयारण्य म्हणजे काय हे मुलांना कळण्याचाही तोच मार्ग आहे. घाट उतरून फोंड्याकडे आलात की दगडाचा रंगच पालटतो. काळा पाषाण संपून फिकट, दाणेदार, करकरीत वालुकाश्म लागतो. हा कलादगी गटातला खडक. फोंडा आणि कासार्डे परिसरातली काचेसाठी लागणारी सिलिका वाळू याच खडकातून निघते. एखादा तुकडा घासून त्याच्या कडेला भिंग लावले तर साखरेच्या दाण्यांसारखे गारगोटीचे कण एकमेकांत घट्ट बसलेले दिसतात. कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिज सापडते. ते काळे, हाताला अनपेक्षित जड लागते आणि पुष्कळदा लोहखनिजच वाटते.

हा गोंधळ मिटवण्याचे साधन फुकटात मिळते. घराच्या बांधकामातून उरलेल्या भिंतीच्या टाइलचा तुकडा घ्या आणि त्याच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड जोर लावून ओढा. क्रोमाइटची रेघ तपकिरी उमटते; लोहखनिजांपैकी मॅग्नेटाइटची काळी, गोथाइटची हळदीकडे झुकणारी पिवळट-तपकिरी, आणि हेमॅटाइट वरून कितीही काळे, चकचकीत असले तरी त्याची रेघ गेरूसारखी लालच येते. रेडीच्या लोहखाणींच्या भागात हा प्रयोग केल्यावर पोरांना दगडाचा रंग आणि रेघेचा रंग यांतला फरक पुन्हा समजावावा लागत नाही. रेडीला जाल तेव्हा यशवंतगड आणि गणपतीचे देऊळ हेही पाहाल. तिथली द्विभुज मूर्ती १९७६ साली याच खाणींच्या परिसरात मिळाली.

परतीच्या वाटेवर आंबोलीचे जंगलही राखीव असल्याने तिथे फक्त पाहावे. मात्र कोकणात असेपर्यंत एखाद्या चिरेखाणीच्या बाहेर पडलेला जांभ्याचा तुकडा मागून घ्यावा. जांभा हाही मूळचा खडक झिजूनच झालेला; भरपूर पावसाने सिलिका वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरते. ॲल्युमिनियम जास्त उरले की बॉक्साइट होते. राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांतल्या पठारांवर ते निघते, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. बॉक्साइटमध्ये बहुधा वाटाण्यासारखे गोल दाणे दिसतात, आणि त्यावर तोंडाची वाफ सोडून हुंगले तर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

सामानाविषयी थोडेच. सुताराचा हातोडा नेऊ नये, कारण कठीण दगडावर त्याच्या टवक्या उडतात. गवंड्याची छिन्नी, डोळ्यांना बंद चष्मा, जाड हातमोजे, जुनी वर्तमानपत्रे आणि दिवाळीतले मिठाईचे रिकामे खोके एवढे पुरे. पण एक गोष्ट विसरायची नाही, ती म्हणजे चिठ्ठी. दगड गुंडाळण्यापूर्वी त्याच कागदात गाव, तालुका, नेमकी जागा, तारीख आणि कोणाला सापडला, एवढे लिहून ठेवावे. घरी आल्यावर लिहू म्हटले की तिसऱ्या खोक्यापाशी सगळे दगड एकसारखे दिसू लागतात. माझ्याकडे स्टिल्बाइट या झिओलाइटचा अतिशय सुरेख असा एक गुच्छ आहे, मधोमध बांधलेल्या भाताच्या पेंढीसारखा. तो कुठला हे मला आज सांगता येत नाही, आणि त्यामुळे अभ्यासाच्या दृष्टीने तो शोभेच्या वस्तूपलीकडे काहीच राहिलेला नाही.

प्रश्न : आमच्या विहिरीच्या खोदकामात पांढऱ्या सुयांच्या गुच्छासारखे काही निघाले असून त्यावर माती आणि पांढरट थर आहे. फरशी धुण्याच्या ॲसिडने ते स्वच्छ होईल का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मुळीच करू नका. हे मी स्वतःचे नुकसान करून शिकलो आहे. आपल्या वर्णनावरून ते बहुधा स्कोलेसाइट किंवा त्याच्या जवळचे दुसरे झिओलाइट असावे. अशाच एका गुच्छावर कॅल्साइटचा थर होता. तो ॲसिडमध्ये फेसाळून विरघळतो हे मला ठाऊक होते, म्हणून मी नमुना प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवून वर पातळ केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतले आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तो कॅल्साइट गेले होते खरे, पण सुयांच्या जागी साबुदाण्याच्या खिरीसारखा चिकट लगदा झाला होता. स्कोलेसाइट आणि नॅट्रोलाइट ही खनिजे या ॲसिडने अशीच बुळबुळीत होतात, हे पुस्तकात वाचले असूनही त्या दिवशी मला आठवले नाही.

आपण नमुना साध्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवावा, पाणी बदलत राहावे आणि मऊ रंगाच्या ब्रशने, सुयांच्या दिशेनेच, माती हलकेच काढावी. गरम पाणी वापरू नये आणि नमुना चुलीजवळ वाळवू नये, कारण या खनिजांच्या रचनेतच पाणी असते आणि तापल्यावर ते बाहेर पडते. झिओलाइट हे नावही त्यावरूनच पडले: स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ साली असे खनिज तापवले तेव्हा ते उकळल्यासारखे फुगले आणि त्यांनी ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे नाव दिले. उरलेला पांढरट थर तसाच राहू द्या. विहीर किती फुटांवर असताना हा गुच्छ निघाला ते खोदणाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. महिन्याभराने ते अंदाजच सांगतील.

प्रश्न : माझ्या दगडाने खिडकीच्या काचेवर ओरखडा उमटला. तो हिरा असेल का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नसावा. खनिजांची कठीणता एक ते दहा अशा मोजपट्टीवर मोजतात. तिच्यावर काचेची कठीणता साडेपाचच्या आसपास असते, गारगोटीची सात आणि हिऱ्याची दहा, त्यामुळे साधी गारगोटीही काच कापते. आपला दगड सहा बाजूंचा, टोकाशी निमुळता झालेला असेल तर ती गारगोटीच आहे असे समजावे. तरीही शंका असेल तर छायाचित्र पाठवा. फक्त दगडाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल.