६० पौंडांच्या कंपाउंड बोसाठी बाण किती वजनाचा घ्यावा, आणि पुढून किती जड?

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण सहा-सात वर्षांपूर्वी मी पण इथेच अडकलो होतो. तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात राहता, बो ६० पौंडांचा (म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर), ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी जितकी मागे खेचता ती, २८ इंच, शिकार फक्त व्हाइटटेल हरणाची. दुकानदाराने ३६० ग्रेनचे बाण हातात ठेवले, यूट्यूबवाला म्हणतो ६५० च्या खाली बाण म्हणजे पाप, आणि तिसरा कुणीतरी एफओसी (बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे येतो ते) २० टक्के पाहिजेच म्हणून बसलाय, तर ऐकायचं कुणाचं.

माझ्या मते तिघांचंही नको. ४२० ते ४८० ग्रेनच्या मध्ये कुठेतरी थांबा, शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या दांड्याचा, ताठपणा त्या वजनाला जुळवून घ्या, आणि एफओसी जो येईल तो येऊ द्या. आता असं का म्हणतोय ते जरा लांबण लावून सांगतो.

आधी ग्रेन म्हणजे काय, कारण मला तेच कळत नव्हतं. १ ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन बसतात, पौंडात ७०००. पण आपल्या माणसाला पटकन कळेल असं सांगायचं तर जुना तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमवाला, आताचा दहा ग्रॅमचा नाही, तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे ४५० ग्रेनचा बाण अडीच तोळ्यांचा! मी काउंटरवरचा सोनारी वजनकाटा मागवला तेव्हा बायकोला वाटलं काहीतरी दागिना येतोय, आला कार्बनचा बाण :) पण काटा घ्याच. स्वयंपाकघरातला एकेक ग्रॅम दाखवणारा इथे कामाचा नाही, एका ग्रॅमच्या चुकीत पंधरा ग्रेन गेले.

खालची मर्यादा पक्की आहे. बहुतेक कंपाउंड बनवणारे दर पौंडाला निदान ५ ग्रेन मागतात, म्हणजे तुमच्या ६० पौंडांना ३००. त्याच्या खाली गेलात तर बाण पुरेशी ताकद उचलत नाही, उरलेली ताकद बोच्याच वाकणाऱ्या पात्यांत (लिंब्ज) आणि दोरीत जाते, रिकामा बो सोडल्यासारखंच जवळजवळ. आणि बोच्या जाहिरातीत जो स्पीड छापलेला असतो ना ३३० फूट प्रति सेकंद वगैरे, तो ७० पौंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा बाण धरून काढलेला असतो. तुमचा ड्रॉ दोन इंच कमी, खेचायचं वजन दहा पौंड कमी, वर दोरीला लावलेले पीप (नेम बघायची भोकाची कडी) आणि लूप (दोरी ओढायचा फासा), तेव्हा तो आकडा विसरा.

माझाही बो तुमच्यासारखाच आहे ६०/२८, म्हणून माझेच आकडे देतो. ३६० ग्रेनचा बाण साधारण २७६ फूट प्रति सेकंद जातो, ४५५ चा २४९ ने, आणि ६५० चा अंदाजे २१० ने. कायनेटिक एनर्जी काढलीत (ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०) तर ६१, ६३, ६४ फूट-पौंड, म्हणजे फरक जवळपास नाहीच. बाण बनवणाऱ्या इस्टन कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ सांगितलेत, तिन्ही बाण केव्हाच त्याच्या वर आहेत. पण मोमेंटम (संवेग) मात्र ०.४४, ०.५०, ०.६१ असा चढत जातो, आणि हाडाला लागल्यावर बाण पुढे ढकलत राहायला हाच उपयोगी. इथपर्यंत ऐकलं की माणूस लगेच ६५० चं दुकान शोधायला लागतो, मीही लागलो होतो.

पण बाण पडतो हो. समजा हरीण ३० यार्डावर आहे आणि तुम्ही २५ समजून पिन (नेमाची खूण) लावली, रेंजफाइंडर असूनही हे होतं, हरीण दोन पावलं चालतं आणि तुमचा हात आधीच दोरीवर असतो. वरवरचं गणित केलं, हवेचा विरोध सोडून, तर ३६० वाला साडेतीन इंच खाली लागेल, ४५५ वाला चार इंच, आणि ६५० वाला सहा. हरणाच्या फुप्फुसाची जागा आठ-दहा इंचाची, म्हणजे मधोमध धरलंत तरी खाली चार-पाच इंच हातात. ४५५ अजून आत आहे, ६५० बाहेर गेला. माझं उत्तर खरं म्हणजे या एका हिशोबातून आलंय.

मग ६५० आलं कुठून? डॉ. एड ॲशबी यांचं काम आहे ते, आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात मेलेल्या जनावरांवर वर्षानुवर्षं बाण मारून केलेलं, आणि तिकडचं जनावर म्हणजे पाणम्हशीएवढं. ६५० चा आकडा तसल्या जाड हाडासाठी आहे, व्हाइटटेलच्या बरगडीसाठी नाही. आणि गंमत म्हणजे त्यांच्या यादीत पहिला नंबर बाण न मोडण्याचा, दुसरा बाण सरळ उडण्याचा, वजन त्याच्या बरंच खाली. व्हिडिओवाले तेवढं गाळतात.

आता एफओसी. लहानपणी खराट्याच्या काड्यांचे बाण केलेत की नाही? बांबूची कामटी वाकवून दोरी बांधायची, रविवारी सकाळी टीव्हीवरची मालिका संपली की गल्लीत युद्ध. नुसती काडी सोडली की ती हवेत आडवीतिडवी व्हायची, पण रस्त्याचं काम चालू असलं की डांबराची गोळी आणून टोकाला चिकटवायची, मग तीच काडी सरळ जाऊन समोरच्याच्या पाठीत. ते डांबर म्हणजे एफओसी. टोक जड झालं की तोलाचा बिंदू पुढे सरकतो, मागच्या व्हेन (बाणाची पिसं) आणि तो बिंदू यातलं अंतर वाढतं, म्हणजे तरफ लांब झाली आणि तेवढ्याच व्हेन बाणाला लवकर सरळ करतात. फील्ड पॉइंटला (सरावाच्या साध्या टोकाला) हे फारसं जाणवत नाही, पण फिक्स ब्लेडचा ब्रॉडहेड (शिकारीचं पात्यांचं टोक) म्हणजे पुढे लावलेले छोटे पंखच, ते बाण भलतीकडे ओढायला बघतात, तिथे मागची तरफ लागते.

मोजायचं सोपंय. पूर्ण तयार बाण, ब्रॉडहेडसकट, सुरीच्या पाठीवर आडवा ठेवून तोला. नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून तोलाच्या खुणेपर्यंत अंतर मोजा, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करा, राहील त्याला पूर्ण लांबीने भागून शंभराने गुणा. लांबी मात्र खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंतच, पॉइंट धरायचा नाही, यात लोक चुकतात आणि मग आकडा भलताच येतो. माझा बाण २८ इंच, तोल पावणेएकोणीस इंचावर, म्हणजे मध्यापासून पावणेपाच पुढे, १७ टक्के. तुमच्या दुकानदाराच्या ३६० वाल्यात १०० चा पॉइंट आणि साधा ॲल्युमिनियम इन्सर्ट (शाफ्टमध्ये पॉइंट बसवायचा तुकडा) असेल तर तुमचे १३ च्या आसपास निघतील, ते पण काही वाईट नाही.

मी काय माती खाल्ली ते सांगतो. पहिल्या वर्षी ३५५ ग्रेनचा बाण आणि उघडणारा मेकॅनिकल ब्रॉडहेड. हरीण माझ्याकडे तोंड करून तिरकं उभं, तो शॉट घ्यायलाच नको होता, पण घेतला, खांद्याच्या हाडाला लागून बाण चार बोटं आत गेला आणि अडकला. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राला घेऊन परत गेलो, ओढ्यापाशी रक्त संपलं ते संपलंच. जड बाणाने ते निभावलं असतं असं म्हणत नाही, कोनच चुकीचा होता, पण आठवडाभर जेवण गेलं नाही नीट.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. इंटरनेटवर वाचून त्याच ४०० स्पाइनच्या शाफ्टवर थेट २०० ग्रेनचा पॉइंट लावला, एफओसी वीसच्या वर, खूश. फील्ड पॉइंटने वीस यार्डावर बरं चाललं होतं. ब्रॉडहेड लावला आणि पहिला बाण सात-आठ इंच उजवीकडे, दुसरा डावीकडे, तिसरा टार्गेटच्या वरून शेजाऱ्याच्या कुंपणात. दोन शनिवार मी स्वतःच्या हातालाच शिव्या देत होतो, रिलीज (दोरी सोडायचा चाप) बदलला, ग्रिप बदलली, आणि दोष होता स्पाइनचा.

स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठपणा. २८ इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये १.९४ पौंड टांगले की शाफ्ट किती इंच वाकतो त्याचा हा आकडा, ४०० म्हणजे ०.४०० इंच, ३४० म्हणजे ०.३४०. आकडा लहान तितका शाफ्ट ताठ, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. आणि पुढे वजन वाढवलं की तोच शाफ्ट सुटताना जास्त वाकतो, जणू तो आणखी लेचापेचा झाला. लांब ठेवला तरी तेच, कापला की ताठ होतो. म्हणून पुढचं वजन हे एकटं कधी बदलायचं नसतं, त्याच्याबरोबर स्पाइनही बदलायला लागतो, आणि ताठ शाफ्ट सहसा जड असतो म्हणजे एकूण वजन आपोआप वाढतं. एफओसीच्या मागे धावू नका म्हणतो ते यासाठी.

शेवटी जे जमलं ते असं: ३४० स्पाइनचा शाफ्ट, इंचाला ९ ग्रेन, म्हणजे २८ इंचांचे २५२. पितळी इन्सर्ट ५०, पॉइंट १२५, तीन व्हेन मिळून १८, नॉक १०. बेरीज ४५५. सगळ्या बाणांची वजनं एकमेकांच्या दोन-तीन ग्रेनमध्ये ठेवतो, आणि सरावाचा पॉइंटही १२५ चाच, १०० चा वापरून मग सीझनला १२५ चा ब्रॉडहेड लावला तर सगळी मेहनत वाया.

लोक विचारतात हळू बाणाचा आवाज ऐकून हरीण पळणार नाही का. आवाज ३० यार्ड ०.०८ सेकंदात पोचतो, ३६० चा बाण ०.३३ ला, ४५५ चा ०.३६ ला. म्हणजे पाव सेकंद तर हरणाला दोन्हीकडे मिळतोच, पळायच्या आधी ते खाली दबतं, आणि ०.०३ ने काही बदलत नाही. उलट जड बाणाने बो शांत होतो, तो टणकन आवाज जाऊन नुसता थड् येतो, मला तर हेच जास्त फायद्याचं वाटलं. मी तसाही २५ च्या पुढे मारत नाही.

गेल्या ऑक्टोबरात ट्री स्टँडखाली (झाडावरच्या मचाणाखाली) मादी आली, २२ यार्ड, पूर्ण आडवी. बाण सोडला आणि मला तो आत जाताना दिसलाच नाही, ती उडाली आणि झाडीत गेली, वाटलं चुकला. अर्धा तास बसून राहिलो, खाली उतरलो तर बाण पलीकडे पानांत तिरका रुतलेला, तिन्ही व्हेन ओल्या, रक्त गुलाबी आणि त्यात बारीक बुडबुडे, म्हणजे फुप्फुस. साठेक पावलांवर पडलेली. घरी मालवणी मसाल्यात सुकं केलं, पण हरणाला चरबी नसते तेव्हा तेल जरा सढळ घाला नाहीतर चामडं होतं, हे वेगळं उत्तर आहे, असो.

नियमाचं एक, इथे पेनसिल्व्हेनियात बो कमीत कमी ३५ पौंड आणि ब्रॉडहेडची कापणारी रुंदी कमीत कमी ७/८ इंच लागते, ते तुमच्या बोला अडत नाही. पहिलं लायसन्स असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. आणि हे सगळं इथलं, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, सुट्टीवर गावी गेल्यावर कुणाला उत्साहाने बो दाखवायला जाऊ नका.

खरेदीचं म्हणाल तर डझन घेऊ नका लगेच. बरेच दुकानवाले सुटे शाफ्ट देतात, ३४० चे तीन घ्या, कापायला त्यांनाच सांगा, पण पूर्ण खेचल्यावर ब्रॉडहेड बोटाला आणि रायझरला (बोच्या मधल्या दांड्याला) लागणार नाही एवढी लांबी ठेवायला सांगा. इन्सर्ट आधी गरम केल्यावर सुटणाऱ्या गोंदाने बसवा म्हणजे २० आणि ५० दोन्ही लावून बघता येतील (गरम इन्सर्ट करायचा, कार्बन नाही). एका बाणाला व्हेन लावूच नका, तो वीस यार्डावरून व्हेनवाल्या दोघांच्या शेजारी जाऊन सरळ रुतला तर जोडी जमली, मग व्हेनवाल्या बाणांना ब्रॉडहेड लावून तेच बघा. तुमच्याकडे आत्ता जे ३६० वाले आहेत ते फेकू नका, सरावाला ठेवा, फक्त दर वेळी मारायच्या आधी कानाजवळ धरून हलकेच वाकवून बघा, कार्बनला चीर असली तर करकर ऐकू येते, आणि तसला बाण सुटताना हातातच फुटू शकतो.