लायब्ररी काढलीस, आता ती सांभाळ

आडतीची पट्टी काढणारी तुझी लायब्ररी बघितली, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला, इतरांच्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तुझा तयार कोड. काम झकास. पण सेटअपच्या फाईलीत अजून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं पायथनचं जुनं साधन) आहे, ते आधी काढ. ऑक्टोबर २०२३ मधल्या पायथन ३.१२ मधून ते गेलंय.

मी यात एकदा पोळलोय. मॅपिंग हा क्लास (कोडचा तयार साचा) मी थेट पायथनच्या कलेक्शन्स या मॉड्यूलमधून घ्यायचो. तो पायथन ३.३ पासूनच त्याच्या एबीसी या उपविभागात हलवलेला. जुनी वाट बंद होणार असे पायथनचे इशारे वर्षानुवर्षं येत होते, मी कधी बघितलेच नाहीत. ३.१० मध्ये जुनी वाट बंद झाली आणि उदगीरहून एका मुनीमजींचा फोन : ‘दादा, कालपर्यंत चालायलं होतं, आज पट्टीच निघंना.’ त्यांनी फक्त कॉम्प्युटर नवा घेतला होता, त्यावर पायथनही नवं. ऐन सोयाबीनचा सीझन, बाहेर ट्रॅक्टरची रांग. भाषा बनवणारे त्यांना कुठून दिसणार? शिव्या मीच खाल्ल्या, आणि ते बरोबरच होतं.

म्हणून टेस्ट चालवताना इशाऱ्यांना एरर धरायला सांग. एरवी लायब्ररीतले हे इशारे झाकलेलेच राहतात. पायथनची नवी आवृत्ती ऑक्टोबरात येते, पण तिचा पहिला बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) मे महिन्यातच मिळतो. पेरणीच्या आधी तेवढं तपासून घे.

जुनं पायथन सोडायचं असेल तर पायथनची किमान आवृत्ती पॅकेजमध्ये लिही. मग जुन्या मशीनला पिप (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) आपोआप तुझ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती देतो, कुणाचं काम अडत नाही. पायथनच्या आवृत्तीला वरची मर्यादा मात्र घालू नकोस. मी घातली होती, वर्षभर ती काढत बसलो.