कोल्हापूर विमानतळावरून जाताना कांदा-लसूण चटणी, गूळ, काकवी हातातल्या बॅगेत नेता येते का?

चटणी नाही, गूळ हो. काकवी चेक-इन बॅगेतच टाका. मिरचीपूड डोळ्यांत फेकता येते, म्हणून नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या नियमांनुसार ती केबिनमध्ये चालत नाही. चटणीत मुख्य माल तोच, त्यामुळे उजळाईवाडीच्या या विमानतळावर तपासणीत ती काढून ठेवायला लावतात. मिरचीच्या लोणच्याचंही तसंच.

चटणीला तेल सुटतं आणि हवेचा दाब कमी झाला की पिशवी फुगते. म्हणून पिशवी गच्च भरू नका, थोडी जागा सोडून सील करा, वरून दुसरी पिशवी घाला आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. काकवीच्या बाटलीच्या झाकणाला टेप लावा. गुळाची भेली एक्स-रेमध्ये घट्ट गठ्ठ्यासारखी दिसते, बॅग उघडायला सांगतात. ती वरच ठेवलेली बरी. वजन मात्र बघा: देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो. सुकं खोबरं चेक-इनमध्येही टाकू नका, तेलामुळे ते ज्वालाग्राही धरतात. पॉवर बँक उलट हातातच हवी.

हे देशांतर्गत प्रवासापुरतं. मुंबईहून पुढे परदेशी जाणार असाल तर त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम वेगळे पाहावे लागतील.